व्याह्यांबरोबर पढिनच्या मागावर

काशीहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, दर्शन कसं झालं? दर्शन उत्तम झालं. गर्दी होती, फुलं होती, आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी होतं. याहून जास्त मला विश्वनाथाबद्दल सांगता येणार नाही. काशीत मी जितका वेळ देवळात होतो त्याच्या कितीतरी पट वेळ एका डुगडुगत्या नावेत, ओल्या फळीवर, तोंड मिटून बसलो होतो. ज्यांना घाटांची नावं आणि आरतीची वर्णनं हवी आहेत त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मी मासे धरायला गेलो होतो.

चूक माझीच. आमची केतकी पुण्याला नोकरी करते. तिथेच तिला अनिरुद्ध भेटला. मुलगा मराठी, पण काशीतला. घराण्याच्या कितीतरी पिढ्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत गेल्या. वडील दिनकरराव विद्यापीठात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मोहनराव, तुम्ही अलिबागचे. मासे पकडायचा शौक असेल तुम्हाला?"

मुलीचा बाप वराच्या बापाला कधी नाही म्हणतो का? मी म्हणालो, "म्हणजे काय! अलिबागचा माणूस!"

वास्तविक माशाचा आणि माझा संबंध कोळणीच्या टोपलीशी सुरू होतो आणि ताटात संपतो. गळाला आमिष कुठल्या बाजूने लावतात हेही मला माहीत नाही. पण दिनकरराव फोनवर इतके खूश झाले की त्यांनी लग्नाच्या बैठकीच्या आदल्या रात्रीचा बेत तिथल्या तिथे ठरवून टाकला.

केतकीला हे कळल्यावर ती चिडेल असं वाटलं होतं. ती उलट खूश झाली, आणि मी खरा अडकलो तो तिथे.

"बाबा, मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"काय सांगू?"

"आम्ही लग्नानंतर पुण्यातच राहणार म्हणून. अनिरुद्धची हिंमतच होत नाहीये. त्यांनी आमच्यासाठी माडीवर खोली बांधून घेतलीय. रविवारी बैठकीत सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांना कळलं तर ते उठून जातील. त्याच्या आधी कळायला हवं."

"त्याची आई नाही का सांगू शकत?"

"त्या म्हणतात, मुलीकडच्यांनी विषय काढला तर बरं. नदीवर गेले की ते एकदम मजेत असतात म्हणे. तिथे सांगा. आणि बाबा, मासे खाण्याबद्दल एक अक्षर काढू नका. ते शुद्ध शाकाहारी आहेत."

"शाकाहारी माणूस मासे कशाला पकडतो?"

"पकडून सोडून देतात."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात मासा सोडून देणं म्हणजे तो मांजराने पळवणं.

शुक्रवार, पंचगंगा घाट

घर शोधायला त्रास झाला नाही, कारण दिनकरराव गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे होते. उंच, किडकिडीत, खांद्यावर गमछा, आणि मराठी अशी की अर्ध्यावर हिंदीत उतरायची आणि परत चढायची. "या, या. गाडी लेट तर नाही झाली? सामान राहू द्या, मी उचलतो. पाय बघून ठेवा, इथे गोबर आहे."

घरात शिरल्या शिरल्या पाणी देण्याआधी त्यांनी आम्हाला माडीवर नेलं. खोली खरोखर सुंदर होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. लाकडी कपाट, भिंतीत कोनाडा, नवा पंखा. "पंखा अनिरुद्धच्या पसंतीचा आहे," ते म्हणाले. "तो आवाज करणारा पंखा नाही सहन करू शकत. लहानपणापासून." हिने पदर सावरून "छान आहे हो" म्हटलं आणि घाईघाईने जिना उतरली.

विहीणबाई उषाताईंनी जेवायला पुरणपोळ्या केल्या होत्या. बरोबर कढी होती आणि त्या कढीत सुरेख पकोडे होते. अशी जोडी मी आयुष्यात पाहिली नव्हती, पण तिसरी पोळी मागून घेतली. श्रीखंडाची वाटी आली, चमचा मात्र आला नाही.

"चमचे नाहीत आमच्याकडे," उषाताई शांतपणे म्हणाल्या. "यांना विचारा कुठे गेले."

दिनकररावांनी हसत एक पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आत घरातले स्टीलचे सगळे चमचे होते, पण दांडे कापलेले, भोकं पाडलेले, आणि प्रत्येकाच्या टोकाला तीन आकडे असलेला गळ. पाण्यातून ओढला की हा चमचा जखमी माशासारखा लकलकतो आणि मोठा मासा फसतो म्हणे. "मी जिवंत चारा नाही लावत. किड्याला पण त्रास नको. आणि मासा पण सोडून द्यायचा. म्हणजे हिंसा कुठेच नाही."

"माझ्या चमच्यांची?" उषाताई म्हणाल्या.

त्यांना जो मासा हवा होता त्याचं नाव पढिन. आपल्याकडे देशावर त्यालाच शिवडा म्हणतात असं मला नंतर कळलं. लांबलचक, चपटा, कानापर्यंत फाटलेलं तोंड आणि आत बारीक दातांच्या रांगा. दुसरे मासे गिळून जगणारा. दिवसा खोल डोहात पडून राहतो, अंधार झाला की शिकारीला निघतो. म्हणून रात्र, आणि म्हणून दिवा.

दिवा त्यांनी सगळ्यात शेवटी काढला, देव्हाऱ्यातून काढावा तसा. मोठ्या काकडीएवढी पारदर्शक नळी, अंगभर हिरवे बारीक दिवे, खाली शिशाचं वजन, वर लांब वायर. वायरीच्या दुसऱ्या टोकाला दोन चिमटे. ते ई-रिक्षाच्या जुन्या बॅटरीला लावायचे आणि नळी पाण्यात सोडायची.

आमच्याकडेही पावसाळ्यात बत्ती घेऊन ओढ्यात खेकडे धरायला जातात. पण तिथे बत्ती हातात असते आणि खेकडा टोपात. इथे बत्ती पाण्यात, मासाही शेवटी पाण्यातच, आणि माणूस रात्रभर मध्ये लटकलेला.

शनिवार, राजा घाटावरून रामनगर

पंचगंगेच्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की उतरताना माझे गुडघे माझ्याआधी खाली पोचतील असं वाटत होतं. एका हातात बॅटरी. ती मी का उचलली? कारण दिनकरराव "मी घेतो" म्हणाले आणि मी "छे छे, तुम्ही कशाला" म्हणालो. मुलीचा बाप.

नावाडी छोटेलाल दिनकररावांबरोबर वीस वर्षं नाव चालवतोय. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, समधी साहब को तैरना आता है?"

"अरे, समुंदरवाले आहेत!" दिनकरराव म्हणाले.

मी पोहत नाही. पण आता कुठे बोलणार?

इंजिन सुरू झालं आणि आम्ही प्रवाहाच्या उलट निघालो. ऊन कलत होतं. एकामागून एक घाट सरकत होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. राजा घाट आला तेव्हा दिनकररावांनी इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "हा आपल्या माणसाने बांधला! पेशव्यांच्या घरातला! इथे येऊन राहिला तो राहिला. परत नाही गेला!"

झालं. माझं पहिलं वाक्य "माणसाला कुठेतरी जावंच लागतं" असं होतं. ते मी गिळलं.

रामनगरला उतरून लस्सी प्यायची त्यांची रीत आहे. कुल्हड केवढा, तर आमच्या घरी त्यात कढीपत्ता लावता येईल. वर मलईचा जाड थर. मी एक संपवला. त्यांनी दुसरा मागवला. माझ्यासाठी. मी तोही संपवला. माझ्या वयाच्या माणसाने रात्री नावेत बसायच्या आधी काय प्यावं आणि किती, याचा विचार मी करायला हवा होता.

रामनगरच्या वर

अंधार पडता पडता आम्ही वळणावरच्या एका डोहाशी पोचलो. शहराचे दिवे मागे राहिले होते. छोटेलालने नांगर टाकला. दिनकररावांनी चिमटे लावले, नळी हळूच पाण्यात सोडली, आणि मला कबूल केलं पाहिजे, ते दृश्य विसरण्यासारखं नव्हतं. काळं पाणी एका जागी आतून हिरवं झालं. त्या हिरव्यात आधी धुळीसारखे कण आले, मग बोटभर चांदीचे मासे. तिकडे त्यांना चेल्हवा म्हणतात. ते शेकड्यांनी गोल गोल फिरायला लागले.

"मोठे कुठे आहेत?" मी विचारलं.

"पढिन उजेडात नाही येत. फार होशियार. तो किनारीवर राहतो, जिथे उजेड संपतो. चमचा तिथे टाकायचा." त्यांनी माझ्या हातात एक गळ दिला. "आणि आता बातचीत बंद."

"बंद म्हणजे?"

"बत्ती पाण्यात आहे तोवर एक शब्द नाही. पढिनला सगळं ऐकू जातं."

म्हणजे ज्या एका कामासाठी माझ्या मुलीने मला नदीवर पाठवलं होतं, ते काम नदीवर करायची सक्त मनाई होती.

थोडा वेळ गेला. मी घसा साफ केला. "दिनकरराव, एक विचारायचं..."

"श्श!"

पुन्हा थोडा वेळ गेला. मी जवळ सरकून कुजबुजलो, "मुलांच्या बाबतीत जरा..."

"श्श! ते बघा." त्यांनी बोट दाखवलं. चेल्हवांचा गोल एकदम फुटला आणि पुन्हा जुळला. काळोखातून काहीतरी येऊन गेलं होतं. दिनकररावांनी तिथे चमचा फेकला आणि सावकाश ओढला. काही लागलं नाही. मीही फेकला. माझा छोटेलालच्या गमछ्यात अडकला.

तिसऱ्यांदा बोलायला म्हणून मी वळलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. पाय झटकला, तो वायरीत अडकला, चिमटा निघाला आणि दिवा गेला. अंधारात फक्त दिनकररावांचा श्वास ऐकू येत होता. बोलायची हीच वेळ होती, दिवा विझला होता, पण अशा माणसाला अशा क्षणी आणखी वाईट बातमी द्यायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही. चिमटा पुन्हा लागला. चेल्हवा पुन्हा आले. आम्ही पुन्हा मुके झालो.

आणि मग लस्सीने डोकं वर काढलं.

मी बराच वेळ सोसलं. मांडी बदलली, रामरक्षा म्हटली, अलिबागच्या किल्ल्याचा विचार केला. तो पाण्यात आहे म्हणून लगेच सोडून दिला. शेवटी हाताची करंगळी वर करून दाखवली.

दिनकररावांचे डोळे विस्फारले. "गंगेत?"

"नाही, नाही! गंगेत कशी!"

"मग?"

"तेच विचारतोय."

त्यांनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. दिवा वर काढला. चेल्हवा गेले, पढिनही गेला असेल. छोटेलालने नांगर ओढला आणि काही न बोलता नाव पलीकडच्या रेतीला लावली. मी उतरलो आणि पाण्यापासून जितकं दूर जाता येईल तितका चालत गेलो, कारण मागून दिनकररावांचा आवाज येत होता, "आणखी पुढे! आणखी!"

परत येताना मला दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे जग सुंदर आहे. दुसरी म्हणजे दिवा नावेत आहे, पाण्यात नाही.

"चढा, मोहनराव. वेळ जातो आहे."

"नाही चढत."

"म्हणजे?"

"आधी माझं ऐकून घ्या. इथे मासा नाही, बत्ती नाही, इथे तुमची बंदी नाही." मी गाडीत बसल्यापासून जुळवलेली सगळी वाक्यं त्या रेतीत कुठेतरी सांडली होती. जे निघालं ते असं निघालं, "मुलं पुण्याला राहणार. तिची नोकरी तिथे, त्याची तिथे. तो सांगायला घाबरतो. मीही घाबरतो. पण उद्या बैठकीत कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं."

छोटेलालने वल्हं ठेवलं आणि विडी पेटवली.

दिनकरराव वायर गुंडाळत होते. ते गुंडाळत राहिले. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. अनिरुद्ध घरी आला, त्याला खोली दाखवली. म्हणाला, बढिया आहे, बाबा. पण खिडकी उघडून नाही बघितली. ज्याला राहायचं असतं तो आधी खिडकी उघडतो. हवा कुठून येते बघतो."

"मग संध्याकाळपासून मला गप्प का बसवताय?" माझा आवाज चढला. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळंच त्या रात्री बाहेर पडत होतं.

"कोणी सांगत नाही तोवर खोली त्याचीच आहे ना." मग त्यांचाही आवाज चढला. "आमच्या घराण्यातून काशी सोडून कोणी नाही गेलं, मोहनराव! दुनिया इथे येते. आणि माझा पोरगा इथून जाणार!"

"तुमचं घराणं काय इथे उगवलं होतं? कुठून आले तुमचे पूर्वज?"

"कोकणातून. गुहागरकडून."

"मग त्यांच्या बापाने काय केलं असेल? पेढे वाटले असतील?"

बोलून गेलो आणि तोंडावर हात मारावासा वाटला. रात्री नदीकाठच्या रेतीत मुलीचा बाप वराच्या बापाला त्याच्या पूर्वजांवरून बोलतो. केतकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. बैठक मोडली, लग्न मोडलं, आणि याला कारण रामनगरची मलईदार लस्सी.

छोटेलालने विडी विझवून वल्हं उचललं. मग दिनकरराव म्हणाले, "चढा."

मी चढलो. नाव पुन्हा डोहावर आली. नांगर पडला, नळी पाण्यात गेली, पाणी हिरवं झालं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. या वेळी कुणी सांगायची गरज नव्हती.

पण दिनकररावच बोलायला लागले. हळू नाही, चांगलं मोठ्याने. अनिरुद्ध लहान असताना याच नावेत झोपायचा. त्याच्या अंगावर यांचा गमछा असायचा. गणितात नापास झाला तेव्हा घरी न जाता नावेत येऊन बसला होता. खोलीचा रंग दोनदा बदलला, कारण पहिला त्याला आवडला नसता. ते बोलत होते आणि थांबतच नव्हते. चेल्हवा फिरत होते. मी शेवटी न राहवून म्हणालो, "दिनकरराव, पढिन?"

"असू द्या पढिन," ते म्हणाले, आणि पुढे बोलायला लागले.

मी गळ हातात धरला होता, कारण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. आणि तो गळ कोणीतरी हिसकावला. मी तोल जाऊन पुढे आलो. छोटेलालने माझी पँट मागून धरली. "छोड़िएगा मत, बाबूजी!" दिनकरराव "ढील द्या, ढील!" म्हणून ओरडत होते. मी ढील दिली, ओढलं, पुन्हा दिली. काय केलं ते मला अजून माहीत नाही. शेवटी नावेच्या कडेला हिरव्या उजेडात एक लांबलचक रुपेरी पाठ वळली आणि मिशा दिसल्या.

"बीस बरस से हमको चुप कराए हैं," छोटेलाल गुरुजींना म्हणाला. "आज दू-दू आदमी चिल्ला रहे थे, तब आया."

दिनकररावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी ओल्या फडक्यात मासा धरला, गळ इतक्या अलगद काढला की रक्ताचा थेंब आला नाही. सात-आठ किलोचा सहज असेल. मी त्याच्याकडे पाहत होतो. लसूण, तिरफळ, थोडी चिंच, वरून रवा. आणि ते त्याला पाण्यात परत न्यायला लागले.

"एवढा मोठा," माझ्या तोंडून निघालं. "सोडणार?"

दिनकररावांनी मान वर केली. "तुम्ही लोक खाता ना?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "बुधवार, शुक्रवार, रविवार."

"केतकी पण?"

"ती तर डोकं सोडत नाही."

त्यांनी मासा पाण्यात तसाच धरून ठेवला. त्याने एकदा शेपूट हलवली, मग सावकाश उजेडातून बाहेर गेला. दिनकररावांनी हात गमछ्याला पुसले.

"मग पुण्याला राहतील तेच ठीक आहे," ते म्हणाले. "उषाच्या स्वयंपाकघरात नाही चालणार."

रविवार

बैठकीला दिनकररावांचे धाकटे बंधू, दोन आत्या आणि भटजी आले होते. आम्हा दोघांचे डोळे तांबडे होते आणि माझ्या अंगाला नदीचा वास येत होता. तो हिने सगळ्यांदेखत रुमालाने पुसायचा प्रयत्न केला. सकाळीच केतकीबरोबर पुण्याहून आलेला अनिरुद्ध भिंतीला टेकून उभा होता, फोटो काढायला उभं केल्यासारखा. केतकी माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मलाही कळलं नाही. काल रात्री नावेत जे झालं ते सकाळी घरात टिकेल याची मला मुळीच खात्री नव्हती.

तारखेचं बोलणं झालं. थोरल्या आत्यांनी विचारलं, "आणि मुलं वर राहतील ना? मी खोली पाहून आले. सुरेख झालीय."

दिनकरराव पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. "नाही, आत्या," ते म्हणाले. "मी बराच विचार केला. दोघांची नोकरी पुण्याला आहे. मीच ठरवलं, त्यांनी पुण्याला राहावं. सुट्टीत येतील."

अनिरुद्धने भिंत सोडली. आत्या "अगं बाई" म्हणाल्या. उषाताईंनी एकदाच नवऱ्याकडे पाहिलं आणि पदराने उगाचच ताटाची कड पुसली. दिनकरराव पुढे बोलत होते, हल्लीची मुलं, हल्लीच्या नोकऱ्या, आईबापांनी समजून घ्यायला हवं. आवाज अगदी स्वच्छ, वर्गात शिकवताना असेल तसा. फक्त हातातलं ताट हलत होतं. पेढे एका बाजूला सरकत होते. मी उठलो आणि ताटाची दुसरी बाजू धरली. ते बोलत राहिले.

केतकी माझ्या कानाशी आली. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. "बघा, बाबा! किती समजूतदार आहेत ते. तुम्ही उगाच घाबरत होतात."

"रात्रभर नदीवर पाठवलं यांना," ही पलीकडून म्हणाली, "तरी एवढंसुद्धा बोलता आलं नाही. शेवटी त्यांनीच मोठेपणा दाखवला."

दिनकररावांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण ताटाची त्यांची बाजू जरा स्थिर झाली.

"हो ना," मी म्हणालो. "मला कुठे वेळेवर बोलायला सुचतं." आणि ताट धरून पेढे वाटायला त्यांच्याबरोबर आत्यांपासून सुरुवात केली.